जत्रेच्या महिन्यातली खोली

चैत्र लागला की आमच्या भागात गावोगावच्या जत्रा येतात आणि त्याच सुमाराला कॉलेजात परीक्षा येतात. वर्गात पर्यवेक्षणाला उभं राहावं तर लांबून हलगी ऐकू येते. पोरांच्या माना पेपरात असतात आणि बाकाखाली पाय ताल धरत असतात. आमचं कॉलेज आहे त्या कोरेगावच्या रस्त्यावर कमानी उभ्या राहतात, फ्लेक्सवर यच्चयावत पुढारी हात जोडून हसायला लागतात, पुण्या-मुंबईच्या गाड्या भरभरून गावाकडे वळतात. सगळं जग गावाकडे येत असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत मला भोसरी आठवते.

माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, भोसरीला एका कारखान्यात लेथवर कामाला होते. आमच्या गावचे सात-आठ जण तिथं एकाच खोलीत राहायचे. गाववाल्यांची खोली, एवढंच तिचं नाव. तिन्ही पाळ्यांची माणसं असल्यामुळे खोलीत कधी गर्दी व्हायची नाही. एक कामावर गेला की त्याच्या अंथरुणावर दुसरा येऊन पडायचा. या माणसांना बायकापोरं तिकडे नेणं शक्यच नव्हतं. पण जत्रेच्या महिन्यात सगळे रजा टाकून गावाकडे यायचे आणि खोली मोकळी व्हायची. सामान राखायला कुणीतरी एकाने मागे थांबायचं, अशी पाळी ठरलेली होती. जो थांबेल त्याची जत्रा हुकायची, पण त्या बदल्यात त्याने आपलं कुटुंब तिकडे आणायचं आणि महिनाभर त्या खोलीत नवराबायकोसारखं राहायचं. कुठल्याही कागदावर नसलेला, पण सगळ्यांनी पाळलेला हा कायदा होता. आण्णांची पाळी एकदाच आली. पुढे ती खोली सुटली, माणसं पांगली.

तो महिना माझ्याजवळ आहे. पत्र्याचं छत दुपारी तापून कडकड वाजायचं. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या वळकट्या, भिंतीला खिळ्यावर टांगलेले सात-आठ जणांचे कपडे आणि त्या सगळ्यांना मिळून येणारा एकच वास. मशीन गार ठेवायला त्यावर दुधट पाणी पडतं, त्याचा आणि तेलाचा. आण्णा कामावरून आले की नळावर बसून भुशाने हात घासायचे. साबणानं ते तेल जात नाही, भुसाच लागतो. मग माझं बोट धरून मला गेटापर्यंत फिरवून आणायचे. भोंगा व्हायचा आणि गेटातून डबेवाली, सायकलवाली माणसं लोंढ्यानं बाहेर पडायची. टपरीवर आण्णा मला बशीतून चहा द्यायचे. एकदा त्यांनी लेथवर निघालेलं लोखंडाचं सालपट आणलं होतं, निळसर झाक असलेलं, गोल गोल वळलेलं. हात कापेल म्हणून ते मी रुमालात धरून बघितलं. शेडांच्या मागे उंच चिमणी होती आणि संध्याकाळी तिचा धूर आमच्या खिडकीवरून आडवा जायचा.

आण्णांबरोबर मी सलग राहिलो तो हा एवढाच महिना. एरवी ते पाहुण्यासारखे यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन दिवस झोपायचे, भावकीतल्या भांडणात तोंड घालायचे आणि जायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ते गेले. तिकडेच, छातीत कळ येऊन. त्यांना चहात साखर किती लागायची हेसुद्धा मला सांगता येणार नाही. म्हणून हा महिना मी जपून ठेवला होता. त्याच्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला, तो आईला वाचून दाखवला. ती गप्प ऐकत बसली होती. मला वाटलं, गहिवरून आलं असेल.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी संशयी माणूस आहे. दूधवाल्याकडे बघतानासुद्धा माझी नजर किटलीच्या तळाशी जाते. कुणी फार नमून नमस्कार केला की याचं काय काम असावं, हे मी आधी शोधतो. बायको म्हणते, तुम्ही पोलिसात जायचं ते चुकून मराठी शिकवायला लागलात. शिकवतोही काय, तर औद्योगिक शहराची कविता. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला तो पेपर आहे, आणि समोर बसतात ती ऊसवाल्यांची पोरं. त्यांच्यापुढे मी भोंगे, चाळी, धुरांडी, घामेजलेल्या पाळ्या आणि यंत्राचा भाग होऊन गेलेला माणूस वाचत जातो. वाचता वाचता माझा संशय जागा होतो. हा कवी कधी रात्रपाळी करून आला होता का? की हा खिडकीशी बसून लांबचा धूर बघत होता? ज्याला खरोखर बारा तास उभं राहावं लागतं तो घरी येऊन कविता करतो की पालथा पडतो? कवितेतला कामगार नेहमी रात्री जागा का असतो, हे मला एकाही समीक्षकाने समजावून सांगितलेलं नाही. आण्णा तर संधी मिळेल तिथं झोपायचे.

या कवींची झाडाझडती घेताना मी भोसरीचा आधार घ्यायचो. वर्गात सांगायचो, मी ते आतून बघितलंय. पोरं जरा सावरून बसायची. कवितेतली चिमणी त्यांना दूरची वाटायची, सरांनी बघितलेली चिमणी जवळची. शिक्षकाला एवढं पुरतं.

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर मुलाणी मॅडम बसतात. त्या रहिमतपूरच्या, मानसशास्त्र शिकवतात, आणि बोलताना समोरच्याकडे असं निवांत बघतात की तो आपणहून दोन गोष्टी जास्त सांगून जातो. मला त्यांच्या विषयाबद्दलही संशय होता. मनाचे सिद्धांत म्हणून जे काही सांगितलं जातं ते नीट बघितलं तर त्यात सगळी यंत्रंच निघतात. जेव्हा वाफेवर कारखाने चालत होते तेव्हा मन म्हणजे बॉयलर होतं. आत वाफ कोंडते, झडप उघडली नाही तर फुटतं. मग संगणक आले आणि मनात माहिती साठायला लागली. म्हणजे ज्या धुरातून ती कविता आली त्याच धुरातून हे सिद्धांतही आले. मी मॅडमना एकदा म्हणालो, हेच मनाचं शास्त्र आपल्याकडे निघालं असतं तर मन म्हणजे गुऱ्हाळाची काहील ठरली असती. खाली जाळ, वर उकळी, आणि सारखी मळी काढत राहायची.

"ती मळी टाकायची कुठं, ते नाही सांगितलं तुम्ही," त्या म्हणाल्या आणि पेपर तपासायला लागल्या.

याच मॅडमनी मागच्या वर्षी माझा पक्का मामा केला. पावसाळ्यात कधीतरी चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, "सर, पलूसच्या चर्चासत्रात तुम्ही पाहुण्यांना सोडून त्यांच्या ड्रायव्हरला शाल घातली होती, आठवतं का?" मी म्हणालो, छे, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, "अहो, असं काय करता?" आणि विषय सोडून दिला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा, "त्या ड्रायव्हरचा चेहरा आठवतो का हो?" मी जरा विचार केला. पलूसला मी गेलो होतो हे खरं. शाली घातल्या होत्या हेही खरं. दिवाळीच्या सुमाराला मीच हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगत होतो. ड्रायव्हर पांढऱ्या सफारीत होता, त्याच्या कपाळाला बुक्का होता, तो 'मी न्हवं, मी न्हवं' म्हणत मागे सरकत होता आणि मला वाटलं की पाहुणे विनयशील आहेत. सगळे खो खो हसले. मॅडमही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "सर, हे कधी घडलंच नाही. मी बनवून सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी म्हटलं होतं, कॉलेजातला सर्वात संशयी माणूस निवडू आणि त्याच्यावरच करून बघू."

मला राग आला. पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो बुक्का मला अजूनही दिसत होता. मॅडमनी मग समजावलं की आठवण फडताळात ठेवलेल्या भांड्यासारखी नसते. ती दर वेळी नव्याने रांधावी लागते, आणि रांधताना हाताला लागेल ते त्यात पडतं. कधी दुसऱ्याचं ऐकलेलं, कधी कुठं वाचलेलं. खाणाऱ्याला कळतही नाही. आणि यात सगळ्यात सोपी युक्ती कुठली, तर 'आठवतं का' असं विचारणं. त्या दोन शब्दांनी माणूस स्वतःच कामाला लागतो.

त्यानंतर माझ्या संशयाला नवीनच कुरण मिळालं. इतके दिवस मी दुसऱ्यांवर नजर ठेवून होतो, आता स्वतःवर ठेवायला लागलो. पहिला मुलगा झाला तेव्हा मी दवाखान्यात होतो की एसटीत? वडिलांना अग्नी दिला तेव्हा पाऊस होता का? प्रत्येक आठवण उचलायची, उलटी करून बुडाशी बघायचं आणि परत ठेवायची. भोसरीला मात्र मी हात लावला नाही. तिथं मला खात्री होती, असं मी स्वतःला सांगत होतो. खात्री असलेल्या ठिकाणी मी बघायला का घाबरत होतो, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

यंदा परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मी नेहमीप्रमाणे चिमणीवर आलो. प्रतीक्षा नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. तिचा भाऊ भोसरीला कंत्राटावर कामाला आहे आणि तिकडून दिवसभर तिला व्हिडिओ पाठवत असतो. ती म्हणाली, "सर, पण भोसरीत चिमण्या कुठायत? सगळी शेडंच हायत की. जुन्या माणसांनापण विचारलं दादानं. गिरणीसारखी चिमणी तिकडं कधी न्हवतीच म्हणत्यात."

मी म्हणालो, तेव्हा होती. पण म्हणतानाच मला कळलं की लेथ चालवायला एवढी उंच चिमणी लागत नाही. ती चिमणी गिरणीची होती. ती माझ्याकडे कवितांमधून आली होती, वीस वर्षं तोच पेपर शिकवताना. चिमणी गेली तर तिचा धूर गेला, धूर गेला तर तो ज्या खिडकीवरून जायचा ती खिडकी? तास संपला तरी मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. पोरांना वाटलं सर चिडले.

रविवारी गावाकडे गेलो. आमचं गाव रहिमतपूरपासून जवळच. आई अंगणात पोत्यावर बसून चिंचा फोडत होती. जत्रा आठ दिवसांवर आलेली, देवळाकडून लाऊडस्पीकरची चाचणी चाललेली. आईचं वय झालंय, पण कुणाच्या लग्नात कुणाला कुठलं लुगडं नेसवलं होतं हे तिला तोंडपाठ आहे. मी शेजारी बसलो, हातात चिंचेचा आकडा घेतला आणि जरा इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "आई, भोसरीच्या खोलीला खिडकी होती का गं?"

"व्हती की. एवढूशी. नाल्याकडं तोंड करून. उघडली की वास यायचा, म्हणून म्या लावूनच घ्येत हुते." ती चिंचोका बाजूला टाकत म्हणाली. मला हायसं वाटलं. मग ती तशीच, मान वर न करता म्हणाली, "पर तुला काय ठावं खिडकीचं? तू कवा आलतास तिकडं?"

"म्हणजे? जत्रेच्या महिन्यात आपण गेलो नव्हतो का? तू, मी आणि छोटी?" छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण.

"म्या आन् छोटी. ती अंगावर पीत हुती, तिला कुठं ठिवणार? तू न्हवतास."

मी हसलो. म्हणालो, तुझी काहीतरी गफलत होतीय. मी तर त्याच्यावर लेख लिहिलाय.

"लिव्हलास की. म्या ऐकला." तिने हात पदराला पुसले. "मग दिवटी कुणी धरली त्या साली?"

आमच्या घराला जत्रेत एक मान आहे. देवाची पालखी निघते तेव्हा तिच्यापुढे दिवटी धरून चालायचं, म्हणजे कापडाची मशाल, तिच्यावर सारखं तेल घालत राहायचं. हा मान घरातल्या पुरुषाचा. भावकीतल्या कुणी धरून चालत नाही. दरवर्षी आण्णा त्यासाठी रजा काढून यायचे. आणि एका वर्षी ती मी धरली होती. दिवटी माझ्यापेक्षा उंच होती, शेजारच्या तात्यांनी माझं मनगट धरलं होतं, तेल ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. हे मला व्यवस्थित आठवतं. फक्त ते कुठल्या वर्षीचं, हा विचार मी कधी केला नव्हता. आण्णा जत्रेला आले नाहीत असं एकच वर्ष होतं.

"तुला न्ह्यायचंच ठरलं हुतं," आई सांगायला लागली. "कापडं भरलीवती तुजी. आदल्या दिशी तात्या आलं, म्हणलं, हितं घरात दुसरा गडी न्हाई, पोरगा बी न्हेला तर मान कुणी राखायचा? झालं. तुला तात्याच्या घरात ठिवला. गाडी दिसंनाशी हुस्तवर तू गाडीमागं पळत हुतास."

ते पळणं मला आठवत नाही. आश्चर्य म्हणजे, काहीच आठवत नाही.

त्या वेळी मला काय वाटलं ते नीट सांगतो. कुणीतरी घरात शिरून नेमकी एकच वस्तू उचलून नेली, असं वाटलं. आईचा राग आला, तात्यांचा आला, ते कधीच वारले आहेत तरी आला. भोसरी गेली तर माझ्याकडे आण्णा उरतात किती? इस्त्रीचा शर्ट, घोरणं आणि शेवटी अँब्युलन्समधून आलेला पांढरा कपडा. बशीतला चहा नाही, बोट नाही, सालपट नाही. पन्नाशीच्या माणसाने अंगणात बसून सात वर्षांच्या पोरासारखं रडावं हे बरं दिसलं नसतं, म्हणून मी चिंचा फोडत राहिलो.

मग नेहमीप्रमाणे संशय मदतीला आला. आईचं वय. तिने दोन वर्षांची सरमिसळ केली असेल. छोटीला विचारून उपयोग नव्हता, ती तेव्हा अंगावर पिणारी. आणि समजा आई खरं सांगते आहे, तर मग भुसा कुठून आला? हात साबणाने धुवून तेल जात नाही, भुसाच लागतो, हे मी कुठल्याही कवितेत वाचलेलं नाही. कवींना ते माहीत नाही. मी आईला तसं विचारलं. जरा उलटतपासणीच्या सुरात विचारलं.

"त्येनीच सांगितलं असंल," ती म्हणाली. "त्याच साली बैलांच्या सणाला, बेंदराला आलते की त्ये. तू त्यांच्यासंगं बोलंनास. आणल्याला खाऊ घेईनास. त्यांनी हाक मारली की तू गोठ्यात. लय लागलं त्यांच्या जिवाला. मग दुपारचं पोळ्या खाऊन सोप्यात आडवं पडल्यावर तुला जवळ वढला आन् म्हणाय लागलं, आठवतंय का रं, आपण गेटावर गेलतो? आठवतंय का, च्या प्यालास बशीतनं? तू आधी न्हाई न्हाई म्हणलास. मग गप ऐकाय लागलास. मग तूच इचाराय लागलास, फुडं काय झालं आण्णा? त्येंची रजा सपंस्तवर रोज त्येच."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती चिंचेकडे बघत होती.

"म्या म्हणलं, आवं, पोराला खोटं का सांगताय? तर म्हणलं, खोटं काय त्यात? म्या रोज त्याला संगं घिऊनच फिरत हुतो की." तिने नवा आकडा उचलला. "मला म्हणलं, तू काय बोलू नगंस. आठवतंय म्हणतोय तर आठवू दे त्याला. म्हणून म्या कदी बोलले न्हाई. आज खिडकीचं इचारलंस आन् त्वांडातनं गेलं."

एवढं ऐकून कुठल्याही सरळ माणसाचं मन भरून आलं असतं. माझंही आलं. पण कोरेगावला परत येईपर्यंत, एसटीच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात, मी पुन्हा मूळ पदावर आलो होतो. आईने माझा चेहरा बघितला असणार. आपण बोलून बसलो, आता पोराला सावरायला हवं, म्हणून तिने तिथल्या तिथं ही बेंदराची दुपार रचली नसेल कशावरून? आई तेच करते. लहानपणी पाय घसरून पडलो की ती जमिनीला चापट मारायची, हिनंच पाडलं म्हणून. मला बरं वाटावं म्हणून ती इतपत खोटं सहज बोलेल. आणि तसं असेल तर आण्णांनी मला काही दिलंच नाही. मी ऐकलेल्या, वाचलेल्या चिंध्या जोडून स्वतःसाठी एक बाप शिवला, आणि आईने आज त्याला टाके घातले. गाडीत समोरच्या बाकावर एक माणूस मांडीवरच्या मुलाला खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवत होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये पहिल्या वर्षाच्या झालेल्या पेपरचे गठ्ठे येऊन पडले होते. मुलाणी मॅडम लाल पेनाची टोपणं गोळा करत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. एवढं खासगी मी कॉलेजात कधी बोलत नाही, पण मागच्या वर्षी त्यांनीच हे लचांड माझ्या गळ्यात घातलं होतं, तेव्हा निस्तरायचंही त्यांनीच. शेवटी माझा संशय सांगितला, की आई आता बनवून सांगते आहे.

त्यांनी आईची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. म्हणाल्या, "खोलीचं राहू द्या. गेटाकडे जाताना तुम्हाला काय दिसतं, तेवढं सांगा. सांगताना भर घालू नका."

मी डोळे मिटले. "रस्ता दिसतो. कडेला पत्र्याची शेडं. आण्णांचा हात, नखांत काळं. मग मी."

"तुम्ही दिसता?"

"दिसतो की."

"जुन्या आठवणींत पुष्कळांना स्वतःचं रूप दिसतं," त्या म्हणाल्या. "त्यात विशेष काही नाही. कुठून दिसता?"

हे मी कधीच बघितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून जात होतो आणि बघणारा कुठं उभा आहे हे एकदाही तपासलं नव्हतं, मी, ज्याला सगळं तपासायची खोड. मी पुन्हा डोळे मिटले. तेल चोपडलेले केस दिसले. टाळूवरचा भोवरा दिसला, जरा डावीकडे, तिथले केस उभे राहिलेले. शर्टाच्या कॉलरीतून दिसणारी मान. पुढे पडणारं चपलेचं टोक. तोंड दिसतच नव्हतं.

"वरून," मी म्हणालो.

 मॅडम एक गठ्ठा ओढून घेऊन सुतळी सोडायला लागल्या.

मी त्या दिवशी एकही पेपर तपासला नाही. टेबलाशी बसून मी पुन्हा पुन्हा त्या भोवऱ्याकडे गेलो. त्यात काही खोट सापडते का ते बघत राहिलो, माझ्या पद्धतीने. तो कुठल्या कवितेत नव्हता. प्रतीक्षाच्या भावाच्या व्हिडिओत नव्हता. आईला तर मी ते सांगितलंही नव्हतं, मग ती ते रचणार कशी? आणि स्वतःच्या टाळूवरचा भोवरा स्वतःला कधी दिसत नाही. तो दिसतो शेजारून चालणाऱ्या उंच माणसाला. बेंदराच्या दुपारी सोप्यात पडून ते मला सांगत होते तेव्हा त्यांना जे दिसत होतं तेच सांगत होते, आणि मी ते तसंच्या तसं घेतलं, त्यांच्या उंचीसकट.

त्या महिन्यात भोसरीच्या रस्त्यावर मी नव्हतो, हे आता मी मान्य केलं आहे. चिमणीही नव्हती. आण्णा होते. पाळी सुटलेली, हात भुशाने घासून स्वच्छ केलेले, गेटाच्या बाजूला एकटेच चाललेले. आणि चालता चालता ते मधूनमधून आपल्या उजव्या हाताशी, खाली बघत होते.